यंत्र आले, आता साहेबाचे काम काय?



हजेरी घ्यावी, कामे वाटावीत, हिशेब तपासावा, चुकेल त्याला बोलावे, हेच साहेबाचे काम असे आपण आजवर समजत आलो. यांतले पुष्कळसे आता यंत्रे करू लागली आहेत. मग साहेबाला उरले काय? मला वाटते, खरे काम आताच उरले आहे.

ब्रिटनमधली एक हकीकत सांगते. तिथल्या पोस्टखात्याने १९९९ पासून लहान लहान पोस्टांत हिशेबासाठी ‘होरायझन’ नावाची संगणक-व्यवस्था बसवली. तिच्यात दोष होते. नसलेली तूट ती हिशेबात दाखवी. पोस्ट चालवणारी माणसे परोपरीने सांगत होती, की पैसे आम्ही घेतले नाहीत. वरिष्ठांनी विश्वास ठेवला तो यंत्रावर. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जणांवर खटले झाले. कित्येकांनी पदरचे पैसे घालून ती खोटी तूट भरली. काही तुरुंगात गेले. त्यांत एक गरोदर बाईही होती. २०१९ मध्ये न्यायालयाने यंत्रणेतले दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. पण गेलेली अब्रू कोणता कायदा परत देणार?

आता दुसरी बाजू पाहा. जपानात साकिची तोयोदा यांनी १९२४ साली तयार केलेला माग सूत तुटताच आपोआप थांबे. पुढे त्यांच्याच घराण्याने काढलेल्या टोयोटा मोटारींच्या कारखान्यात तोच नियम माणसांना लागू झाला. दोष दिसला की साध्या कामगारानेही दोरी ओढावी. दोरी ओढताच त्याचा मुकादम येतो, तो रागवायला नव्हे, काय बिघडले ते पाहायला. गरज पडली तर सारे काम थांबते.

आपल्या मंडळाच्या हिशेबात चार रुपये कमी भरले, तर आपण आधी बेरीज पुन्हा करतो. खजिनदारबाईंना चोर म्हणत नाही. माझे सांगणे एवढेच आहे. यंत्र मोजील, लिहील, लक्षात ठेवील. पण यंत्र एक सांगते आणि माणूस दुसरे, अशा वेळी नीट चौकशी करून निर्णय देणे आणि त्याची जबाबदारी शिरावर घेणे हे साहेबाचेच काम. ‘यंत्रानेच तसे दाखवले’ म्हणून हात झटकायचे असतील, तर त्या खुर्चीत माणूस हवाच कशाला?

आपल्या मुली-सुना आज अशा खुर्च्यांवर बसत आहेत. त्यांना आपण सांगू या, की समोरचे माणूस ‘मी नाही केले’ म्हणाले, तर आधी उठून पाहा.