घरातलं वायफाय आणि गटाचा हिशेब



आपल्या पनवेलपासून उरणचं जेएनपीटी बंदर काही लांब नाही. २०१७ च्या जूनअखेर तिथल्या एका टर्मिनलचं काम एकाएकी ठप्प झालं. ना संप होता, ना वादळ. टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क या परदेशी कंपनीच्या संगणकांत व्हायरस शिरला होता. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय हे संगणकालाच ठाऊक, त्यामुळे माणसांना हाताने कामं करायची वेळ आली.

हा व्हायरस आला युक्रेनमधून, हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. आणि एकदा आत शिरल्यावर जोडलेल्या संगणकांमधून पसरत थेट आपल्या रायगडात पोचला.

तुम्ही म्हणाल, ताई, आमच्या घरी कुठलं बंदर? पण भिंतीवरचा तो लुकलुकणारा डबा बघा, राउटर. त्यावर घरातले चार मोबाइल, मुलाचा लॅपटॉप, टीव्ही आणि ज्यावर गटाचा हिशेब ठेवता तो संगणक, सगळं एकत्र जोडलेलं असतं. आपल्याकडे तर खोल्या भाड्याने दिलेल्या असतात, आणि भाडेकरूही "काकू, पासवर्ड द्या ना" म्हणतात. नाही म्हणायची गरज नाही. बऱ्याच राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय चालू करता येतं, त्याला गेस्ट नेटवर्क म्हणतात. त्यांना ते द्या, म्हणजे त्यांचे फोन तुमच्या संगणकापासून वेगळे राहतील.

राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, तो सगळ्यांना माहीत असतो. दुसरा राउटरची सेटिंग उघडण्याचा. तो बहुतेक घरांत कंपनीने दिलेलाच राहतो, बदलायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. नेट जोडणाऱ्या मुलाला समोर बसवून दोन्ही बदलून घ्या आणि नवे पासवर्ड स्वतः टाका. वहीत लिहून कपाटात ठेवलेत तरी चालेल, भिंतीवर चिकटवू नका.

आता व्हायरस अपडेटमधूनच आला, तर अपडेट करायचं की नाही? करायचं. तो व्हायरस पसरायला विंडोजमधलं जे भोक वापरत होता, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्येच दिलं होतं. चोरलेले पासवर्ड वापरूनही तो पुढे सरकायचा, हेही खरं. म्हणून एकच पासवर्ड सगळीकडे नको. जुना संगणक असेल तर हेही बघा, की विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली आहेत.

मर्स्क कशी सावरली ते ऐकण्यासारखं आहे. आफ्रिकेत घाना देशातल्या त्यांच्या कार्यालयात नेमकी वीज गेली होती! तिथला संगणक जाळ्यापासून तुटलेला होता, म्हणून त्यावरची महत्त्वाची माहिती शाबूत राहिली. लाइट गेल्याचा इतका फायदा आपल्याला कधी झाला नसेल. पण गटाच्या हिशेबाची एक प्रत दर मासिक बैठकीनंतर पेनड्राइव्हवर घ्या आणि लगेच काढून ठेवा. पेनड्राइव्ह लावलेलाच राहिला, तर व्हायरस त्याच्यातही शिरेल.

व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका किंवा सरकारी योजना म्हणून एपीके फाइल आली तर उघडायची नाही. सख्ख्या नणंदेकडून आली तरी आधी तिला फोन करा, तिचाच फोन हॅक झालेला असू शकतो. संगणक किंवा मोबाइलची शंका वाटली तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर तपासणीची साधनं मोफत मिळतात. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर घरात कोण काय म्हणेल याचा विचार करत बसू नका. आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० लावा आणि मग बँकेला कळवा.