संत्रे कसे आहे? : इंग्रजी विशेषणांच्या अध्यापनाविषयी काही विचार

(नागपूर जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेत इंग्रजी व्याकरणातील विशेषण या विषयावर मी बोलावे, अशी आपली इच्छा आहे. विषय लहान आहे आणि आपणांपैकी पुष्कळांना तो सोपाही वाटत असेल. मलाही तो कैक वर्षे सोपाच वाटत असे.

गेल्या हिवाळ्यात काटोल तालुक्यातील एका शाळेत जाण्याचा योग आला. पाचवीच्या वर्गात फळ्यावर 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट' आणि त्याखाली 'स्वीट, स्वीटर, स्वीटेस्ट' असे कोष्टक सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते व मुले ते एका सुरात म्हणत होती. वाटेत एका बागाइतदाराने आग्रहाने दिलेली चार संत्री माझ्या पिशवीत होती. त्यांपैकी एक मी पुढल्या रांगेतील मुलीच्या हाती दिले आणि म्हणालो, "बाळ, हे कसे आहे ते सांग." तिने ते दाबून पाहिले, हुंगले, सोलून एक फोड तोंडात टाकली आणि सांगू लागली : साल ढिली आहे, रंग हिरवट-पिवळा आहे, फोडी रसाळ आहेत, चव आंबटगोड आहे. एखाद्या व्यापाऱ्याने काय पारख करावी! मग तोच प्रश्न मी इंग्रजीत विचारला. ती बराच वेळ थांबली आणि हळूच म्हणाली, "गुड." 'स्वीट' हा शब्द समोर फळ्यावर होता. परंतु फळ्यावरील तो शब्द आपल्या हातातील फळाविषयी आहे, असे तिला वाटलेच नाही.

या मुलीला विशेषण येत नाही, असे कोण म्हणेल? आपण जे शिकवतो आणि तिला जे येते, त्यांची गाठ पडत नाही, एवढेच खरे.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आपल्या व्याकरणाची मांडणी बऱ्याच अंशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होत आली. त्यामुळे मराठी विशेषण आणि इंग्रजी विशेषण ही एकच वस्तू आहे, अशी आपली समजूत होऊन बसते. नाव एक असले तरी दोघांची वागणूक निराळी आहे. मराठीत 'चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल, चांगल्या मुलांना' असे विशेषण नामामागे धावत असते. ही अवघड धावपळ आपले मूल शाळेत येण्यापूर्वीच अचूक करू लागते. इंग्रजीत तसे काहीच नाही. 'गुड बॉय, गुड गर्ल, गुड बॉइज' : नाम कसेही बदलो, विशेषण जागचे हलत नाही. ('धिस-दीज' आणि 'दॅट-दोज' ही जोडपी तेवढी वचनाप्रमाणे बदलतात.) सुमारे हजार वर्षांपूर्वी इंग्रजीतील विशेषणेही नामाप्रमाणे रूपे पालटीत असत. पुढे ती रूपे गळून पडली. मराठीतही 'लाल, सुंदर, गरीब' ही विशेषणे अविकारी आहेतच. तेव्हा वर्गात एवढेच सांगावे की, इंग्रजीतील सारी विशेषणे आपल्या 'लाल'सारखी आहेत. मुलांना हायसे वाटते. 'गुड्स बॉइज' असे लिहिणारे मूल आळशी नसते. मराठीचा नियम ते इमानाने इंग्रजीत पाळीत असते.

तुलनेच्या बाबतीत याच्या अगदी उलट आहे. 'सीता गीतेपेक्षा उंच आहे' या वाक्यात 'उंच' हा शब्द जसाच्या तसा राहतो, तुलनेचा सारा भार 'पेक्षा' उचलतो. म्हणून आपली मुले 'सीता इज टॉल दॅन गीता' असे लिहितात. 'दॅन' म्हणजे 'पेक्षा' हे त्यांनी बरोबर ओळखलेले असते. विशेषणालाही प्रत्यय लागतो, हे मात्र त्यांना कोणी मराठीशी ताडून दाखविलेले नसते. येथे संस्कृतातील तर-तम उपयोगी पडतात. 'उच्चतर' आणि 'लघुतम' हे शब्द वरच्या वर्गातील मुलांच्या कानांवरून गेलेले असतात. इंग्रजीचे 'अर' आणि 'एस्ट' त्याच कामाचे आहेत, हे सांगितले की कोष्टकाला अर्थ येतो. लांब शब्दांना प्रत्यय न लावता 'मोअर' आणि 'मोस्ट' योजतात, आणि दोन्ही एकदम लावीत नाहीत. त्यामुळे 'मोअर बेटर' चुकते. याहून अधिक वेळ या कोष्टकावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच वाक्याची तिन्ही अवस्थांत रूपांतरे करण्याच्या व्यायामाने गुण मिळतात, परंतु त्या भाषेत कोणी कोणाशी बोलत नाही.

तो वेळ शब्दांच्या जोड्यांवर खर्च करावा. आपला 'मोठा' हा शब्द घ्या. मोठा भाऊ 'एल्डर' असतो, मोठा आवाज 'लाउड', मोठा पाऊस 'हेवी', मोठी सुट्टी 'लाँग', मोठा पुरुष 'ग्रेट' आणि मोठे घर 'बिग'. 'कडक'ची गोष्ट याहूनही मजेची आहे. नागपूरचे मे महिन्यातील ऊन कडक, टपरीवरचा चहा कडक, शिळी भाकरी कडक आणि मुख्याध्यापकही कडक! इंग्रजीत मात्र ऊन 'हॉट', चहा 'स्ट्राँग', भाकरी 'हार्ड' आणि मुख्याध्यापक 'स्ट्रिक्ट'. शब्दापुढे एकच अर्थ लिहून पाठ करून घेतला, तर मुलगा 'स्ट्रिक्ट टी' म्हणेल आणि आपण हसू. परंतु चूक आपल्या यादीची आहे. विशेषण एकटे शिकवू नये, त्याच्या नामासह शिकवावे. 'हेवी रेन' हा एकच शब्द आहे, असे समजून तो मुलांच्या तोंडी बसवावा.

आता माझीच एक चूक सांगतो. इ. स. २००० मध्ये आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी मराठी शाळांतून ते पाचवीपासून असे. त्या काळात मी खेड्यातील एका शाळेवर पाचवीला इंग्रजी शिकवीत होतो. 'माझे घर' या विषयावर पाच वाक्ये लिहावयास सांगितली असता एका मुलाने लिहिले, 'माय मदर गिव्ह हॉट हॉट भाकर.' मी लाल शाईने एक 'हॉट' खोडला. तो वही घेऊन टेबलाजवळ आला आणि म्हणाला, "गुर्जी, एकच भाकर गरम हाये काय? आमच्या घरी तं साऱ्याच गरम राह्यतेत." वर्ग हसला. मीही हसलो आणि त्याला जागेवर बसविले. त्यानंतर वर्षभर त्याने स्वतःचे असे एकही वाक्य इंग्रजीत लिहिले नाही. 'द सन इज हॉट' हे पुस्तकातील वाक्य तो दर वेळी निर्दोष उतरवून आणीत असे आणि मी त्याला पूर्ण गुण देत असे.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी सुचले. मराठीत विशेषणाची द्विरुक्ती निरर्थक नसते. 'उंच उंच झाडे' म्हणताना झाडे अनेक आहेत आणि त्यांतील प्रत्येक उंच आहे, असे आपण सुचवितो. 'गरम गरम भाकरी'त तव्यावरून ताटात पडल्याचे सुखही असते. इंग्रजी हे काम विशेषणाकडून करवून घेत नाही. अनेकत्व ती नामाच्या 'एस'वर सोपविते, 'हॉट भाकरीज'. आणि सुख सांगावयाचे तर दुसरा शब्द जोडते, 'नाइस हॉट भाकरीज'. त्या दिवशी त्याच्या 'भाकर' या शब्दाला मी 'एस' जोडून दिला असता, तर त्याच्या साऱ्याच भाकरी गरम राहिल्या असत्या. तो खोडलेला 'हॉट' माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

पुन्हा संत्र्याकडे येतो, कारण हंगामात आपल्या जिल्ह्यात याहून स्वस्त शैक्षणिक साधन नाही. 'ऑरेंज' हा शब्द फळाचे नाव आहे आणि रंगाचे विशेषणही आहे. तो मूळचा आपल्याच बाजूचा : संस्कृत 'नारंग' फारसी-अरबीतून युरोपात गेला आणि वाटेत आरंभीचा 'न' हरवून बसला. इंग्रजीत तो आधी फळासाठी आणि मागाहून रंगासाठी आला. अंबिया बहाराची आपली पुष्कळशी संत्री पिकूनही हिरवट राहतात. तेव्हा 'इज धिस ऑरेंज ऑरेंज?' असे विचारून पाहा; वर्ग जागा होतो. 'हिरवट, पिवळसर' यांसाठी इंग्रजीत 'ग्रीनिश, येलोइश' आहेत. मराठीचे 'ट' आणि 'सर' जे करतात, तेच 'इश' करतो. आणि 'नागपुरी संत्रे' म्हणताना आपण 'नागपूर'ला ईकार लावून विशेषण घडवितो, इंग्रजी मात्र ते नाम तसेच पुढे ठेवते. या फळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते 'नागपूर ऑरेंज' याच नावाने.

आणखी एक बारीक गोष्ट. 'शी इज ए टॉल गर्ल' यात 'ए' हवा, 'शी इज टॉल' यात नको. तो 'ए' विशेषणाचा नसून 'गर्ल'चा आहे. 'गर्ल' गेली की तोही जातो. मुलांना फळ्यावर 'गर्ल' हा शब्द पुसून दाखवा. नियम सांगण्याची गरज पडत नाही.

शाळाभेटीस येईन तेव्हा वह्यांतील कोष्टके मी पाहणार नाही. पिशवीत एक पदार्थ लपवून ठेवा, एका मुलाने हात घालून तो कसा आहे ते इंग्रजीत सांगावे आणि इतरांनी ओळखावे. पहिलीत एक विशेषण पुरे, पाचवीत तीन-चार यावीत. शब्द अडला तर मुलाने तो मराठीत म्हणावा आणि आपण इंग्रजी शब्द पुरवावा. आपणांसही तो ठाऊक नसेल, तर मुलांदेखत शब्दकोश उघडावा. निदान तेवढ्यासाठी तरी शाळेचा शब्दकोश कपाटातून बाहेर काढून टेबलावर ठेवावा, ही विनंती.