चोवीस चालतो, सव्वीस चालत नाही

मागे एका हिवाळ्यात मी अमेरिकेत मुलीकडे राहायला गेले होते. नात नुकतीच हायस्कूलच्या बास्केटबॉल संघात निवडली गेली होती. एका संध्याकाळी ती सरावाहून परतली ती तोंड पाडूनच. गणवेश वाटले गेले होते आणि तिला हवा तो क्रमांक मिळाला नव्हता. तिचा जन्म २६ जानेवारीचा. परदेशात वाढलेल्या मुलीला या तारखेचं फार अप्रूप, म्हणून लहानपणापासून प्रत्येक खेळाच्या जर्सीवर तिनं २६ घातलेला. आता कोच म्हणाले, २५ घे किंवा २४ घे, २६ कुणालाच मिळत नाही.

मी स्वतः तीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. मुलींचे संघ घेऊन एस.टी.नं गावोगाव हिंडले. पण २६ चालत नाही हे मला नवीन होतं. दुसऱ्या दिवशी सामना बघायला गेले आणि उत्तर समोरच मिळालं. पंचांनी शिट्टी फुंकली, गुणलेखकाच्या टेबलाकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर धरले. एका हाताची दोन बोटं, दुसऱ्या हाताची तीन. म्हणजे २३ क्रमांकाचा फाउल. हाताला बोटं पाचच. सहा दाखवायचा कसा? म्हणून तिथल्या शालेय बास्केटबॉलमध्ये क्रमांकातला कुठलाही अंक पाचाच्या वर जात नाही. शून्य ते पाच, मग दहा ते पंधरा, वीस ते पंचवीस, असं करत पंचावन्नपर्यंत. दोन शून्यंही चालतात, पण एकाच संघात एकीला शून्य आणि दुसरीला दोन शून्यं देता येत नाहीत, कारण बोटांच्या भाषेत घोटाळा होतो.

आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंना यावरून आपले दिवस आठवतील. आपण आंतरराष्ट्रीय महासंघाचे, म्हणजे फिबाचे नियम पाळतो. २०१४ पर्यंत त्यांत क्रमांक ४ ते १५ एवढेच असायचे. एक, दोन, तीन ही बोटं पंचांना गुण दाखवायला लागत, म्हणून ते क्रमांक कुणाला देत नसत. माझ्या संघांत चार नंबरची मुलगी बहुतेक कप्तान असायची, आणि तो नंबर मिळावा म्हणून मुली वर्षभर झटायच्या. २०१४ नंतर फिबानं एक ते नव्व्याण्णव सगळे क्रमांक मोकळे केले. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन पुरुषांच्या खेळानंही २०२३ मध्ये तेच केलं. शालेय खेळ मात्र पाच बोटांवरच थांबला होता. मला त्यात काही गैर वाटत नाही. गावातल्या शाळेच्या व्यायामशाळेत टेबलावर बसलेला गुणलेखक बहुतेक वेळा कुणाचा तरी पालक असतो. त्याला बोटं वाचणं सोपं जातं.

या नियमांचं पुस्तक काढणारी संस्था इंडियानापोलिसमध्ये आहे. नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स असं तिचं लांबलचक नाव, आणि ती १९२० पासून काम करते आहे. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला हा खेळ शोधला, तेव्हा त्यांचे नियम होते अवघे तेरा, आणि त्यांत कपड्यांविषयी एक शब्द नव्हता. आता एकट्या गणवेशावरच पानं भरली आहेत. यजमान संघानं पांढरी जर्सी घालायची, पाहुण्यांनी गडद रंगाची. पाठीवरचा अंक किमान सहा इंच उंच, छातीवरचा किमान चार इंच. जर्सी बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह सव्वादोन चौरस इंचांहून मोठं नको. जर्सी शॉर्ट्समध्ये खोचलेली हवी. ती बाहेर लोंबत असेल तर पंच त्या खेळाडूला बाहेर पाठवतात आणि तिच्या जागी दुसरी येते. चेंडू कुणाकडून गेला, धक्का कुणी दिला, हे क्षणार्धात ओळखायचं असतं, आणि त्यासाठी अंक स्पष्ट दिसायला हवा. या नियमांविषयी माझी काहीच तक्रार नाही.

अंगावरच्या वस्तूंचे नियम मात्र सावकाश बघायला हवेत, कारण तिथे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत.

पहिली गोष्ट दुखापतीची. दागिना कुठलाही चालत नाही. कानातलं, साखळी, अंगठी, चमकी, काहीच नाही; वरून चिकटपट्टी लावली तरी नाही. हाताला, मनगटाला किंवा कोपराला प्लास्टर किंवा कडक पट्टा असेल तर त्यावर कितीही मऊ कापड गुंडाळा, खेळता येत नाही, कारण तो लागतो समोरच्याच्या तोंडावर. केस आवरायला रबर किंवा कापडी पट्टी चालते, कडक पिना चालत नाहीत. एका वस्तूला मात्र आवर्जून जागा ठेवली आहे. मधुमेह, अपस्मार असा आजार असलेल्या मुलांच्या अंगावर वैद्यकीय सूचनेचं पदक असतं. ते दागिना मानत नाहीत. ते चिकटपट्टीनं अंगाला घट्ट बसवायचं, पण मजकूर दिसता ठेवता येतो. मूल कोसळलं तर धावत येणाऱ्याला तो वाचता यावा, म्हणून. नियम करणाऱ्यांनी इथे किती बारकाईनं विचार केला आहे ते बघा.

चमकीचं नाव आलं म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. माझ्या संघात एक मुलगी होती. बचावाला फार चांगली, चेंडूवर घारीसारखी झडप घालायची. जिल्हास्तरीय सामन्याच्या आठवडाभर आधी घरच्यांनी तिचं नाक टोचलं. सामन्याच्या सकाळी पंच म्हणाले, चमकी काढा. टोचलेली जागा ओलीच होती. काढायला गेलो तर रक्त आलं आणि पोरीच्या डोळ्यांतून पाणी. ती बाहेर बसली. आम्ही हरलो, पण मला हरण्याचं दुःख नाही. पंचांचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती. तो आठवडाभर ती रोज माझ्यासमोर सराव करत होती. मी चमकी पाहिली होती, छान दिसते म्हणालेही होते, आणि तरी तिला किंवा तिच्या आईला एका शब्दानं सावध केलं नव्हतं. तिचं ते बेंचवर बसून नाकाला रुमाल लावणं मला आजही दिसतं.

दुसरी गोष्ट एकसारखेपणाची. हेडबँड, रिस्टबँड, दंडावरच्या बाह्या, पायांतल्या टाइट्स यांचा रंग काळा, पांढरा, फिकट तपकिरी किंवा जर्सीचा मुख्य रंग, यांपैकीच एक हवा, आणि संघात ज्यांनी ते घातलं असेल त्या सगळ्यांचा सारखा. रिस्टबँड चार इंचांहून रुंद नको आणि तो कोपराच्या खालीच हवा. यामागचं कारण माझ्या मनाला तितकंसं पटलेलं नाही. नातीच्याच एका सामन्यात पाहुण्या संघातली एक मुलगी टाइट्सच्या रंगावरून बराच वेळ बाहेर बसलेली मी पाहिली. कुणीतरी गाडीतून दुसऱ्या टाइट्स आणून देईपर्यंत अर्धा डाव गेला. तिच्या टाइट्समुळे कुणाला इजा होणार नव्हती, की अंक झाकला जाणार नव्हता. अशा वस्तू पालकांना पदरच्या पैशांनी घ्याव्या लागतात, आणि नेमका तो रंग दुकानात मिळतोच असं नाही. नियम करणाऱ्या समितीच्याही हे लक्षात आलं असावं. २०२३-२४ च्या हंगामापासून गडद जर्सी घालणाऱ्या पाहुण्या संघाला जर्सीच्या आत काळा बनियन मोकळा झाला, आणि शॉर्ट्सचा रंग सारखा असेल तर त्यांची घडण वेगवेगळी असली तरी चालू लागली. हा बदल योग्य झाला. रंगाच्या बाबतीत आणखीही सैलपणा यावा असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट श्रद्धेची, आणि आज मला मुख्यतः तिच्याविषयीच बोलायचं आहे.

धार्मिक पदकही दागिना मानलं जात नाही. ते जर्सीच्या आत, अंगाला चिकटवून घालता येतं. पण डोक्यावर जे असतं ते लपवता येत नाही. शीख मुलाचा पटका, मुसलमान मुलीचा हिजाब. अमेरिकेतल्या शालेय नियमांत बरीच वर्षं अशी अट होती की, धर्मासाठी डोकं झाकायचं असेल तर राज्याच्या संघटनेची आधी लेखी परवानगी हवी. अट कागदावर लहानशी दिसते. तिचा परिणाम काय झाला ते ऐका. २०१७ च्या मार्चमध्ये मेरीलँड राज्यात एका शाळेच्या मुलींचा संघ विभागीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला. त्यांच्यातली एक मुलगी हिजाब घालून सबंध हंगाम खेळली होती आणि कुणीही हरकत घेतली नव्हती. त्या दिवशी पंचांनी नियम काढला, परवानगीचा कागद मागितला. कागद नव्हता. मुलगी सबंध सामना बेंचवर बसली, आणि आपण का बसलो आहोत हे तिला सामना संपल्यावर कळलं. कोचना तिला त्याआधी सांगण्याचा धीर झाला नाही. राज्याच्या संघटनेनं नंतर तिची माफी मागितली. पुढच्या काही वर्षांत राष्ट्रीय महासंघानं ती परवानगीची अटच काढून टाकली.

ही गोष्ट परक्या देशाची म्हणून सोडून देऊ नका. २०१४ च्या जुलैमध्ये चीनमधल्या वुहान शहरात आशिया चषक होता. आपल्या पुरुष संघानं त्या स्पर्धेत यजमान चीनला हरवलं. भारतानं चीनला हरवण्याची ती पहिलीच वेळ. त्याच स्पर्धेत आपल्या संघातल्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना सांगण्यात आलं की, पगडी काढल्याशिवाय मैदानात उतरता येणार नाही. नियमात लिहिलं होतं की समोरच्या खेळाडूला इजा होईल अशी वस्तू नको, आणि डोक्यावरचं कापड त्यात मोडलं होतं. देशासाठी खेळायचं म्हणून दोघांनी पगड्या उतरवल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात इंचॉनच्या आशियाई खेळांत कतारच्या मुलींना हिजाब काढायला सांगितलं. त्यांनी काढला नाही, त्या न खेळताच परतल्या. दोन्हीकडचा निर्णय मला समजतो, आणि दोघांवरही ती वेळ यायला नको होती असं माझं मत आहे. मऊ, घट्ट बसलेल्या कापडानं कुणाचं डोकं फुटत नाही. फिबानं आधी चाचणी म्हणून काही सूट दिली, आणि २०१७ च्या मे महिन्यात हाँगकाँगच्या अधिवेशनात ती बंदी उठवली.

दुखापत टाळणारा नियम आणि नुसत्या वेगळेपणाला हरकत घेणारा नियम पुस्तकात एकाच पानावर, एकाच टाइपात छापलेले असतात. मैदानावर मात्र त्यांच्यात फार अंतर असतं. अंगठी काढायला लावली तर मूल अंगठी खिशात टाकतं आणि खेळायला येतं. पटका किंवा हिजाब काढायला लावला तर त्याला खेळ आणि घर यांतलं एक निवडावं लागतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला, भरलेल्या व्यायामशाळेत, सगळ्यांच्या देखत.

आणि अमेरिकेतल्या शालेय नियमांच्या पुस्तकातलीच एक तरतूद मला फार आवडली. सामन्याआधी पंच मुख्य कोचना विचारतात, तुमचे सगळे खेळाडू नियमाप्रमाणे सज्ज आहेत ना? होकार द्यावा लागतो कोचनी. संघ बेकायदा रंगाची जर्सी घालून उतरला तर टेक्निकल फाउल लागतो तोही मुख्य कोचच्या नावावर. खेळाडूंच्या नावावर नाही. दोन फ्री थ्रो आणि चेंडू समोरच्या संघाला. म्हणजे जबाबदारी मोठ्या माणसाची, हे पुस्तकानं मान्य केलेलंच आहे. माझ्या त्या चमकीच्या मुलीच्या वेळी हे मला कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

माझ्या नातीनं शेवटी २४ घेतला. तिला मी दर्शप्रीत सिंग यांची गोष्ट सांगितली. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या ट्रिनिटी विद्यापीठाकडून ते पगडी बांधून खेळले. अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये पगडी बांधून खेळणारे ते पहिले. त्यांची ३२ क्रमांकाची जर्सी २०१४ मध्ये वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेनं भारतीय अमेरिकनांवर भरवलेल्या प्रदर्शनात ठेवली होती. नात म्हणाली, आजी, ३२ मध्येही पाचाच्या वरचा अंक नाही. मला तिचं कौतुक वाटलं.

आज हे भाषण ऐकणाऱ्यांत शाळेतले क्रीडाशिक्षक असतील, संघाबरोबर जाणारे पालक असतील. तुम्हाला माझी एक विनंती आहे. सामन्याच्या दिवसाची वाट बघू नका. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात संघाला पूर्ण गणवेशात समोर उभं करा. कुणाच्या नाकात चमकी आहे, कुणाच्या मनगटात कडं आहे, कुणाच्या गळ्यात ताईत आहे, कुणाचं डोकं झाकलेलं आहे, ते प्रेमानं बघा आणि घरच्यांशी बोला. नियमाचा जो प्रश्न येईल तो आयोजकांना तुम्ही विचारा, पत्र लिहायचं असेल तर तुम्ही लिहा, आणि उत्तर लेखी घेऊन खिशात ठेवा. सामन्याच्या सकाळी त्या मुलानं फक्त बुटांच्या नाड्या बांधाव्यात.