नाचणीचं बियाणं निवडताना



नवीन पनवेलहून पूर्वेला पाहिलं की माथेरान-प्रबळगडचे डोंगर दिसतात. त्यांच्या उतारावरच्या वरकस जमिनीत ठाकर आणि कातकरी कुटुंबं नाचणी-वरी पिकवत आली आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि शहरातही नाचणीचं मोल कळू लागलं. पण हे पीक टिकायचं तर शेतकऱ्याच्या पदरात दाणे जास्त पडले पाहिजेत. त्याची सुरुवात बियाण्याच्या निवडीपासून होते.

भरघोस उत्पन्न हा रोपाचा एकच गुण नसतो. कणसं धरणारे फुटवे किती, एका कणसाला बोटं किती, ती लांब किती आणि दाणा किती भरला, या सगळ्यांचा तो गुणाकार आहे. त्यातला एक वाढला की दुसरा घटू शकतो. फुटवे फार झाले तर कणसं बारीक राहतात. म्हणून एकाच गुणावर भुलून चालत नाही.

जमीनही विचारात घ्यावी लागते. गरवी नाचणी शेतात जास्त दिवस राहते, तिला भरायला वेळ मिळतो. पण उतारावर ओल टिकत नाही. पाऊस लवकर सरला तर गरव्या कणसात दाणा पोचट राहतो. तिथे हळवी किंवा निमगरवी जातच खरी. आपल्या पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने भाताबाबत हीच दृष्टी ठेवली. खाऱ्या जमिनीत तग धरून पिकणारे वाण त्यांनी दिले.

तिसरी गोष्ट रोगाची. करपा कणसाच्या मानेवर पडला तर भरत आलेलं कणीस वाया जातं. कर्नाटकात मंड्याला शास्त्रज्ञ लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर करून ‘इंडाफ’ जाती काढल्या, त्या अधिक उत्पन्नाबरोबर करप्याला तोंड देण्यासाठीही. नाचणीचं फूल अगदी बारीक आणि स्वतःच्याच परागाने फळणारं, त्यामुळे हा संकर फार चिकाटीचा. आपल्याकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘दापोली-१’, तर कोल्हापूरच्या संशोधन केंद्राने ‘फुले नाचणी’ दिली.

रोगाकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, ते बाजरीने दाखवलं. १९६५ साली ‘एचबी-१’ हा बाजरीचा देशातला पहिला संकरित वाण आला. उत्पन्न खूप वाढलं. पण अशा संकरित वाणांची मादी एकच होती, ‘टिफ्ट २३ए’. सत्तरच्या दशकात तिला न झेपणारा गोसावी रोग आला आणि शेतंच्या शेतं बसली.

शेतकरी बंधू-भगिनींनो, नाचणी स्वपरागी असल्यामुळे निवडीचं काम तुम्हीही करू शकता, कारण लेक बहुधा आईसारखीच निघते. बी खळ्यावरच्या राशीतून घेऊ नका, उभ्या पिकातून निवडा. बांधाकडेचं रोप टाळा. त्याला ऊन आणि जागा जास्त मिळते, म्हणून ते जोमदार दिसतं, आणि तो जोम बियात उतरत नाही. शेताच्या मधलं, चहूबाजूंनी शेजारी असूनही उठून दिसणारं, न लोळलेलं, करपा नसलेलं रोप पाहा. त्याला रंगीत दोरा बांधा. त्याची कणसं वेगळी कापा, वेगळी वाळवा. पुढच्या पावसाळ्यात एका रोपाच्या बियाची एक ओळ लावा आणि शेजारी घरच्या जुन्या बियाचीही ओळ लावा. दोन्हींना खत सारखंच द्या. दोन-तीन हंगाम जी ओळ जुन्या ओळीपेक्षा सरस ठरेल, तीच वाढवा.

आणि घरचं जुनं बी टाकून देऊ नका. आज त्याचं उत्पन्न थोडं कमी असेल, पण उद्या नवा रोग आला किंवा पावसाने पाठ फिरवली, तर लागणारा गुण त्याच बियात सापडू शकतो. विद्यापीठाला जातीची पारख आहे, तुम्हाला तुमच्या उताराची. या दोन्ही पारखी एकाच शेतात जुळल्या, तर डोंगरावरची नाचणी नक्की वाढेल.