अंध मुलांचे स्वावलंबन आणि त्यांचे हक्क

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी स्वतः अंध आहे. तेव्हा सांगणार आहे ते बरेचसे अनुभवाचे आहे. विषय थोडक्यात असा : ज्या घरात अंध मूल आहे त्या घराने त्याला काय शिकवावे, आणि त्या मुलाने मोठेपणी स्वतःसाठी काय मागावे.

आपल्या वस्तीत, मग ते कॅम्प असो, मोमिनपुरा असो की कोंढवा, अंध मुलाला प्रेम कमी मिळत नाही. अम्मी घास भरवते, आपा कपडे चढवते, भाईजान बोट धरून नेतात. या प्रेमाला मी नावे ठेवीत नाही. परंतु सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या शर्टाची गुंडी लावता येत नसेल, तर तो दोष डोळ्यांचा नव्हे. ती आपण लावलेली सवय आहे. आपल्या पश्चात याचे कोण करील, असे विचारले की 'भाऊ करील' असे उत्तर मिळते. भाऊ करीलही. पण त्याच्या संसारात जन्मभर पाहुणा म्हणून राहणे कोणाला आवडेल? आणि मुलगी अंध असेल तर तिला शाळेतच पाठवले जात नाही, हे त्याहून दुःखाचे आहे.

शाळेची सोय नाही असे पुण्यात तरी कोणी म्हणू नये. पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड ही संस्था १९३४ पासून काम करीत आहे. तिची मुलांची शाळा कोरेगाव पार्कात आणि मुलींची कोथरूडला आहे. मुंबईत दादरची अंधशाळा तर १९०० सालची. लाहोरच्या एका डॉक्टरांनी आपला पाच वर्षेही पूर्ण न झालेला अंध मुलगा या दादरच्या शाळेत ठेवला होता. तो मुलगा म्हणजे पुढे न्यूयॉर्कमध्ये एकट्याने राहून इंग्रजीत मोठे नाव मिळवलेले लेखक वेद मेहता. इतक्या लहान मुलाला इतके दूर ठेवावे की नाही, याबद्दल मतभेद होतील. आज तशी गरजही उरलेली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, तोही जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत. म्हणजे आपल्या या संस्थेच्या शाळेचे दारही त्याला बंद नाही.

शाळेत गेल्यावर पहिली गोष्ट ब्रेल. सहा बिंदूंची ही लिपी फ्रान्समधील लुई ब्रेल या अंध माणसाने तयार केली. आपल्या देशात १९५१ पासून भारती ब्रेल रूढ झाली व सर्व भाषांना एकच पद्धत मिळाली. मराठीचा 'क' आणि उर्दूचा 'काफ' ब्रेलमध्ये एकच आहे : पहिला आणि तिसरा बिंदू. एरवी उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी उर्दू ब्रेलमध्ये मात्र मराठीसारखीच डावीकडून उजवीकडे वाचतात. हल्ली मोबाइल बोलतो, संगणक बोलतो, मग ब्रेल कशाला, असे काही पालक विचारतात. ऐकून ज्ञान मिळते, पण शुद्धलेखन, गणित आणि स्वतःची टिपणे यांना ब्रेलच लागते. दोन्ही शिकवा.

दुसरी गोष्ट घरातली कामे. स्वयंपाकघरातून अंध मुलीला, आणि मुलालाही, हाकलू नका. तेल तापले की मोहरीचा एखादा दाणा टाकावा. तो तडतडला की फोडणी द्यावी. हे कानाचे काम आहे. मिठाच्या डब्याला रबर लावावे, साखरेच्या डब्याला लावू नये. वस्तू उचलली तेथेच परत ठेवावी, हा नियम मात्र साऱ्या घराने पाळला पाहिजे. नोटाही ओळखता येतात. शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण व कडेला चार तिरक्या रेघा असतात, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ व पाच रेघा. नोट जुनी झाली की उठाव झिजतो; मग रिझर्व्ह बँकेचे मोबाइलवरील 'मनी' नावाचे साधन उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट पांढरी काठी. ती घेतली की लोक पाहतात, म्हणून पुष्कळ घरांत तिची लाज वाटते. पण काठी म्हणजे लांब केलेला हात आहे. उजवा पाय पुढे पडताना काठी डावीकडे टेकते, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासली जाते. हे शिकायला शिक्षक लागतो, आणि लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत वापरायला सराव लागतो. मूल एकदोनदा धडपडेल. डोळस मूलही सायकल शिकताना पडतेच ना?

आता हक्कांविषयी. एका बँकेत मी खाते उघडायला गेलो, तेव्हा साहेबांनी माझ्याशी न बोलता माझ्या धाकट्या भावाला विचारले, "यांचे व्यवहार कोण पाहणार?" भाऊ उत्तर देणार तोच मी म्हणालो, "मीच पाहणार." मग नियम दाखवला. चेकबुक, एटीएम, लॉकर, कर्ज यांपैकी कोणतीही सोय केवळ अंधत्वामुळे नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच सर्व बँकांना कळवले आहे. २०१६ च्या कायद्यानेही वारसाहक्क व स्वतःचे आर्थिक व्यवहार पाहण्याचा अधिकार इतरांच्या बरोबरीने दिला आहे. त्या दिवशी खाते उघडले. ओरडून काही झाले नसते; नियम ठाऊक होता म्हणून झाले.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, नियम पाठ करा. परीक्षेला लेखनिक आणि तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो. मात्र अर्ज वेळेवर करावा लागतो. सरकारी व अनुदानित महाविद्यालयांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा आहेत. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा असून त्यांतील १ टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहे. अन्याय झाला तर लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आपल्या पुण्यातच आहे.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. त्याही दादरच्या शाळेत शिकल्या. २०१६ साली केंद्रीय लोकसेवा परीक्षेत त्यांना ७७३ वा क्रमांक मिळाला, पण अंधत्वाचे कारण देऊन रेल्वे लेखा सेवेतील नेमणूक नाकारली गेली. त्या रडत बसल्या नाहीत. पुढच्याच वर्षी १२४ वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुअनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ अंधत्वामुळे कोणाला न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही, असा निकाल दिला. आपल्या वस्तीतील अंध मूलही उद्या न्यायाधीश होऊ शकते; पण त्यासाठी आज ते शाळेत हवे.

डोळस विद्यार्थ्यांना एकच विनंती. अंध माणसाला रस्ता ओलांडून देताना त्याचा हात ओढू नका. "मदत हवी का?" असे विचारा, आणि हो म्हटले तर आपले कोपर त्याला धरू द्या. त्याच्याविषयी काही विचारायचे असेल तर त्यालाच विचारा, सोबतच्या माणसाला नव्हे.

पालकहो, आपल्या घरी किंवा शेजारी अंध मूल असेल, तर या जूनमध्ये त्याचे नाव शाळेत घाला. अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवा. आणि आज घरी गेल्यावर पाण्याचा ग्लास त्याच्या हातात देऊ नका. माठ कोठे आहे ते त्याला दाखवा.