गलबताची प्रतिकृती



मराठ्यांचे आरमार म्हटले की डोळ्यांसमोर शिडांनी भरलेला समुद्र उभा राहतो. त्याच आरमारातील एखादे साधे गलबत दीड फुटाच्या मापात घडवावयाचे ठरविले, तर मात्र पहिल्याच दिवशी हात थांबतो. आराखडाच नाही! कोकणचे मिस्त्री माप कागदावर नव्हे, डोळ्यांत बाळगीत. आणि १७५६च्या फेब्रुवारीत विजयदुर्गापाशी आंग्ऱ्यांचे आरमार जळून गेले. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते, हे शल्य निराळेच.

मग साक्ष काढावयाची कोणाची? प्रतिपक्षाचीच. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराच्या, १७६३ पासून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गलबताचे वर्णन आहे. भार क्वचितच ७० टनांहून अधिक, डोलकाठ्या दोन, मोठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, उभारले की त्याचे टोक डोलकाठीच्याही वर जाणारे, आणि ४० ते ५० भक्कम वल्ही.

लांबीचा उलगडा या वल्ह्यांतूनच होतो. हात मोकळा चालण्यास दोन वल्हेकऱ्यांत सुमारे तीन फूट अंतर हवे. एका बाजूस वीस वल्ही धरली तर साठ फूट केवळ वल्हवण्यासाठीच गेले. एका फुटास पाव इंच, हे प्रमाण घेतल्यास प्रतिकृतीत तेवढाच भाग पंधरा इंचांचा होतो. नाळ आणि मागील बाजू त्याहून वेगळी. साडेपाच फुटी खलाशी सव्वा इंचाहून किंचित उंच भरतो. असा एक खलाशी प्रथम कोरून ठेवावा. कठडा, वल्ह्याची मूठ, बसण्याची फळी, सारे त्याच्या हाताला पोहोचले पाहिजे.

खरा मोह येतो तो तोफांपाशी. अभिमानापोटी दोन्ही बाजूंस तोफांच्या रांगा मांडाव्याशा वाटतात. परंतु ऑर्म सांगतो की, सहा-आठ तोफा केवळ मोठ्या गलबतांवर असत, त्याही दोन ते चार पौंडी गोळ्याच्या. लहान गलबतावर हलकेपणासाठी चिरलेल्या बांबूंची तक्तपोशी आणि खिळीवर फिरणाऱ्या छोट्या तोफा, एवढेच. तेव्हा सागाच्या पट्ट्यांऐवजी बांबूच्या बारीक काड्याच अंथराव्यात, जरी पाहुण्यांना ते काम गरिबीचे दिसले तरी! शत्रूच्या जहाजाला मोठ्या तोफांनी जर्जर करणे हे गुराबांचे काम होते. गलबते माणसांनी खच्चून भरून मग चहूबाजूंनी भिडत.

वारा पडला की हीच गलबते वल्ह्यांच्या बळावर गुराबांना ओढून नेत. म्हणून मागच्या बाजूस दोर बांधावयाचा एक जाड खुंटा मात्र विसरू नये.