कॉम्प्युटरची पाठ
(युवक मेळाव्यातल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावलं ते कविता वाचायला. कविता खिशात आहे, तिथंच राहू द्या. आज मी पोलीस ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर बोलणार आहे. कुणी म्हणेल, गोदीत माल उतरवणाऱ्या मॅट्रिक पोराचा कॉम्प्युटरशी काय संबंध? ज्या मशीनमध्ये आपली नावं भरली जातात तिच्याशी आपला संबंध नाही, तर कुणाचा आहे?

गोदीपासून सुरू करतो, कारण मला तेवढंच धड कळतं. गोदीत कंटेनर येतो. त्याच्या अंगावर नंबर असतो: चार अक्षरं, सात आकडे. त्यातला शेवटचा आकडा निव्वळ पडताळणीचा. आधीच्या अक्षरांचा आणि आकड्यांचा हिशोब केला की बरोबर तोच आकडा यावा लागतो. टॅली क्लार्कचं बोट चुकलं, की कॉम्प्युटर बोंबलतो. लोखंडाच्या पेटीबद्दल चुकीचं लिहिलेलं मशीन खपवून घेत नाही. माणसाबद्दल खोटं लिहिलं तर खपवून घेते का? एवढाच माझा सवाल आहे.

आता ह्या पोलिसांच्या मशीनची कुंडली ऐका. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला. २००९ मध्ये केंद्र सरकारनं २,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नाव लांबलचक: क्राइम अँड क्रिमिनल ट्रॅकिंग नेटवर्क अँड सिस्टिम्स. पोलीस नुसतं सी.सी.टी.एन.एस. म्हणतात. देशातली ठाणी एका तारेनं जोडायची, आणि जे रजिस्टरात लिहीत होते ते कॉम्प्युटरमध्ये लिहायचं. फिर्यादीचा एक फॉर्म, अटकेचा एक, जप्तीचा एक, दोषारोपपत्राचा एक. महाराष्ट्रात हे सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झालं. आता देशभरात १६ हजारांवर ठाणी ह्यात आहेत. २०२२ मध्ये पुढचा टप्पा मंजूर झाला: पोलीस, कोर्ट, तुरुंग, सरकारी वकील, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, सगळे एकमेकांना जोडायचे. म्हणजे ठाण्यात एकदा जे टाइप झालं ते तुरुंगाच्या दरवाजापर्यंत तुमच्या पुढं पुढं धावणार.

मी मशीनच्या विरोधात नाही. मशीनला शिव्या घालायचा धंदा पोट भरलेल्यांचा. ह्या मशीननं आपलं एक काम केलंय. २०१६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, एफ.आय.आर. २४ तासांत वेबसाइटवर टाका. फक्त नाजूक प्रकरणं सोडून. पूर्वी एफ.आय.आर.च्या नकलेसाठी हवालदाराला चहापाणी करावं लागायचं. आता ती मोबाइलवर दिसते. आणि मशीन टाइम मारते. कागदावर मागची तारीख घालता येत होती, तशी इथं सहजासहजी घालता येत नाही.

मग भांडण कशाशी आहे? ऐका.

माझ्या मावसभावाला गावाकडं मारलं. मोटारसायकलवर ‘जयभीम’ लिहिलं होतं एवढंच कारण. चारचौघांत जात काढून शिव्या दिल्या, सळईनं हात मोडला. रात्री साडेदहाला आम्ही ठाण्यात. ठाणे अंमलदार म्हणाला, “सर्व्हर डाऊन आहे, सकाळी या.” सकाळी गेलो. दुसरा अंमलदार. त्यानं ऐकून घेतलं, टाइप केलं, कागद काढून पुढं सरकवला. भाऊ सही करणार तेवढ्यात मी वाचला. ‘किरकोळ कारणावरून शिवीगाळ व धक्काबुक्की.’ एन.सी. म्हणजे अदखलपात्र. मोडलेला हात गेला कुठं? जात कुठं गेली? मी विचारलं, साहेब, स्क्रीन जरा इकडं फिरवता का? तो म्हणाला, “तुला काय कळतंय त्यातलं?”

दोस्तांनो, तिथं उभा असताना मला दिसत होती फक्त कॉम्प्युटरची पाठ. वायरींचं जंजाळ, धूळ आणि सरकारी मालमत्तेचा नंबर. पडद्यावर आमचं काय चाललंय ते त्याला दिसत होतं.

आपल्या पणज्यांचं आठवा. गावात चोरी झाली, मुडदा सापडला, की रात्रीबेरात्री वेशीवरून पळत सुटायचा वेसकर महार. खबर त्याची, पाय त्याचे. दप्तर कुळकर्ण्याचं. तो लिहील ते खरं. जोतीबांनी त्याला कलमकसाई उगाच नाही म्हटलं. दप्तर जाऊन रजिस्टर आलं, रजिस्टर जाऊन कॉम्प्युटर आला. टेबलाची बाजू मात्र बदलली नाही. आपण अजून ह्याच बाजूला.

पुढं ऐका. आम्ही सही केली नाही. सगळी हकीकत लिहून पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवली. अकराव्या दिवशी गुन्हा दाखल झाला, ॲट्रॉसिटीची कलमं लागली. आम्ही खूश! मग एफ.आय.आर.ची प्रत घरी नेऊन निवांत वाचली. त्या छापील फॉर्मात आठवा रकाना आहे: फिर्याद द्यायला उशीर का झाला, त्याचं कारण. त्यात टाइप केलं होतं: ‘फिर्यादी बाहेरगावी असल्याने.’

अकरा दिवस दवडले ठाण्यानं, आणि उशीर लिहिला आमच्या नावावर! कोर्टात आरोपीचा वकील पहिलं बोट ह्याच रकान्यावर ठेवणार: एवढा मार बसला होता तर अकरा दिवस कुठं होतात? मशीननं अकराव्या दिवसाची तारीख-वेळ इमानदारीनं छापली. तिनं खोटं काहीच केलं नाही. खोटं तिच्यात भरलं गेलं. कंटेनरच्या नंबराला पडताळणीचा आकडा आहे. फिर्यादीच्या ह्या रकान्याला नाही. तो पडताळणीचा आकडा आपल्यालाच व्हावं लागेल, हे मला त्या दिवशी कळलं.

सरकारी आकडा सांगतो. २०२३ मध्ये देशात अनुसूचित जातींवरच्या अत्याचाराचे ५७,७८९ गुन्हे नोंदले गेले. हे नोंदलेले. ज्यांच्या वेळी सर्व्हर डाऊन होता ते कुठल्या खात्यात धरले?

आता दुसरी बाजू. आपण फिर्यादी असलो की आपली जात टाइप होत नाही. आरोपी असलो की बरोबर होते! अटकेच्या फॉर्मात धर्म आहे, जात आहे. ही खोड जुनी आहे. १८७१ मध्ये इंग्रजानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातीची जमात जन्मानं चोर ठरवली, रजिस्टरात नावं घातली, हजेरी लावली. १९५२ मध्ये तो कायदा गेला. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणलाच. आज कुठं घरफोडी झाली की पहिली धाड पारध्याच्या पालावर पडते. कायदा मेला, पण रजिस्टर मेलं नाही. ते आता टाइप होऊन आलंय.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तुरुंगांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला. तुरुंगात जात बघून झाडू हातात देत होते, तेही घटनाबाह्य ठरवलं. ही केस मुंबईच्या एका पत्रकार बाईनं लढवली. मग सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद हायकोर्टासमोर दारूची एक केस आली. पोलिसांनी आरोपींच्या नावापुढं जाती लिहिल्या होत्या. न्यायमूर्तींनी विचारलं, ह्याची गरज काय? त्यानंतर उत्तर प्रदेश सरकारनं हुकूम काढला: पोलिसांच्या कागदात जात लिहू नका, कॉम्प्युटरमधला रकाना काढून टाकायला केंद्राच्या ब्युरोला लिहा, तोवर तो कोरा ठेवा, आणि बापाबरोबर आईचंही नाव लिहा. ॲट्रॉसिटीच्या केसेस तेवढ्या वगळल्या.

आता हे वगळणं नीट लक्षात ठेवा, कारण गोम इथंच आहे. जात पुसली म्हणून टाळ्या वाजवणारे पुष्कळ निघतील. उद्या तेच म्हणतील, जात लिहायची नाही असा कायदा आहे, मग तुमची फिर्याद साध्या मारामारीची लिहू. आरोपीच्या रकान्यातनं जात काढा, हे आपलं म्हणणं. आणि ज्याला जातीमुळं मारलं त्याच्या फिर्यादीत जात लिहा, हेही आपलंच म्हणणं. ह्यात उलटसुलट काही नाही. खैरलांजी आठवा. २००६ मध्ये एका घरातले चौघं मारले. २००८ मध्ये कोर्टानं खून मानला, ॲट्रॉसिटी मानली नाही. जात एकदा कागदातनं सुटली की खून नुसताच खून उरतो.

आणखी एक सांगतो. २०२२ च्या नव्या कायद्यानं अटक झालेल्याचे ठसे, फोटो, डोळ्यांची बुबुळंसुद्धा घेता येतात. रेकॉर्ड ठेवायची मुदत ७५ वर्षं. ठशांच्या मशीनमध्ये प्रत्येकाला दहा आकडी नंबर मिळतो, तो जन्मभराचा. गोदीत कंटेनर रिकामा झाला की कॉम्प्युटरमध्ये ‘रिकामा’ अशी नोंद पडते. निर्दोष सुटलेल्याचं रेकॉर्ड नष्ट करायची तरतूद कायद्यात आहे. पण अपील वगैरे सगळं संपल्यावर, आधी कधी शिक्षा झालेली नसेल तर, आणि मॅजिस्ट्रेटनं वेगळा हुकूम दिला नाही तर. मोर्चात पकडलेलं आपलं पोर सुटलं तर ते रेकॉर्ड पुसलं का, हे विचारायला कोण जातं?

आणि आता मशीनला अक्कल फुटतेय. डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत घोषणा झाली: नागपूरच्या २३ ठाण्यांत चालवलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा राज्यातल्या १,१०० ठाण्यांत नेणार. तपासाची दिशा मशीन सुचवणार. चांगलं आहे. पण असली मशीन शिकते ती जुन्या कागदांवरनं. आणि जुने कागद कुणी लिहिले, ते मी आत्ताच सांगितलं.

म्हणून रडगाणं पुरे. वस्तीवस्तीत चार पोरं-पोरी तयार करा, ज्यांना हे पाठ येतं.

पहिलं. सर्व्हर डाऊन हे फिर्याद न घेण्याचं कारण होऊ शकत नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की नोंद सक्तीची, हे सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच सांगून ठेवलंय. ॲट्रॉसिटीत तर आधी चौकशी करतो म्हणायचीही सोय नाही. २ एप्रिल २०१८ चा भारत बंद झाला, त्याच वर्षी तसं कलम घालून घेतलं. त्यासाठी आपली माणसं मेली आहेत. ते कलम ठाण्यात तोंडानं सांगा.

दुसरं. त्याच रात्री स्टेशन डायरीत नोंद करायला लावा. नंबर आणि वेळ लिहून घ्या. आम्ही ते केलं असतं तर आठव्या रकान्यात खोटं घुसलं नसतं.

तिसरं. सही करण्याआधी फिर्याद वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्याचं कलम १७३. शब्द न् शब्द ऐका. जातीचा उल्लेख आहे का, लोकांसमोर घडलं हे आहे का, आठव्या रकान्यात काय आहे, बघा. प्रत फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका.

चौथं. नाहीच घेतलं तर अधीक्षकांना पोस्टानं, आणि तिथंही नाही तर मॅजिस्ट्रेटकडं. पोस्टाची पावती भाकरीसारखी जपा.

मावसभावाची केस अजून उभी आहे. हात वाकडाच जुळलाय. आठव्या रकान्याबद्दल आम्ही लेखी हरकत दिली आहे, तिची पोच माझ्याकडं आहे. पुढच्या तारखेला आम्ही आठजण जाणार आहोत. ज्यांना गोदीची पाळी नाही, कॉलेज बुडवता येतं, त्यांनी यावं. कविता परतीच्या गाडीत वाचीन.

जयभीम.